वरून मिटलेली जखम

हात कापला की तुम्ही आधी काय करता? पाण्याखाली धरता ना? आमच्या बुटांच्या कारखान्यात तसं करत नाहीत. बुटांचे तळ चिकटवायचं सोल्यूशन जखमेवर फासतात. क्षणभर जीव कासावीस होतो, मग वर रबरी पापुद्रा धरतो, रक्त थांबतं आणि हात पुन्हा चालू. याला आम्ही हुशारी म्हणतो.

आमच्यातच काम करणारी माझी काकीही तसंच म्हणायची. चामडं तासताना रापी सटकली आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खोल घुसली. तिने सोल्यूशन फासलं. शेजारच्या बाकावर तिची धाकटी जाऊ. ती म्हणाली, "अहो, दवाखान्यात जा. तुमचं काम मी ओढते."

"तू आधी तुझं ओढ! तुझे टाके बघून बूटच रडतात."

जखम मिटली. काकी सगळ्यांना अंगठा दाखवत मिरवली. मग तो टम्म फुगला, ठणका खांद्यापर्यंत गेला.

दवाखान्यातल्या सिस्टरने कातडी उघडली तसा पू वाहिला. "मावशी, रक्तातल्या पेशी आधी घाण साफ करतात, मग तळातून लाल, दाणेदार मांस वर चढतं. कातडी शेवटी. तुम्ही घाण आत ठेवून दारच लावून घेतलंत. आता रोज पट्टी आणि हाताला पूर्ण आराम. नाहीतर अंगठा जाईल."

आराम! मुकादम म्हणाला, "बाक रिकामा राहत नसतो." काकी पट्टी बांधून रापी धरायला परत आली. तळातून येणारं कोवळं मांस रोज दाबाने फाटायचं. जावेने पुन्हा विचारलं, काकीने पुन्हा झिडकारलं, "मी काय पांगळी झालेय?" शेवटी पू हाडात उतरला आणि डॉक्टरांनी अंगठा काढला.

आता तिथे गुळगुळीत, गुलाबी कातडी आली आहे. शरीराने आपलं काम चोख केलं. परवा भेटायला गेलो, तर जाऊ काकीची वेणी घालत होती आणि काकी न झिडकारता घालू देत होती. भिंतीवरच्या पालीकडे बघून म्हणाली, "हिला मेलीला नवं शेपूट फुटतं. मीच काय पाप केलं होतं रे?"

सभा गाजवणारा मी. आता प्रत्येक सभेत एवढंच सांगतो.

तुमच्या शेजारच्या बाकावर कुणाचा हात कापला, तर विचारत बसू नका. तिचं काम सरळ आपल्याकडे ओढा आणि भांडून, शिव्या खाऊन तिला दवाखान्यात पाठवा.