वळचणीचं पाणी

जलाल सोलकर आमच्या कंपनीच्या वसाहतीत छपरं, नळ आणि गटारं बघायचा आणि आम्हा इंजिनियर लोकांना मनातून कवडीची किंमत द्यायचा. तीही जास्तच होती. सौदीतल्या तबूकमध्ये वीजखात्यात मी सहा वर्षं काढली, आमच्यातला प्रत्येक नग जवळून पाहिला, म्हणून सांगतो.

"सायेबलोक नळ उघडतात, बंद करायला मला बोलावतात," असं तो म्हणायचा. मूळचा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा. तरुणपणी तिथल्या बर्फाच्या कारखान्यात मासळीसाठी लाद्या फोडल्या, मग सौदी गाठली. धाकटी मुलगी निदा मिरजेला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पास होईपर्यंत टिकायचं, मग खलास, एवढाच त्याचा हिशेब. पण त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, फेब्रुवारीत संपत होता आणि तो वाढवायचा की नाही, हे कफील, म्हणजे आम्हाला ठेवून घेणारा सौदी मालक, आमच्या मेंटेनन्स मॅनेजरला विचारून ठरवणार होता. मॅनेजर म्हणजे आमचा सदानंद, नाशिककर, मनुष्यजातीतला एक अत्यंत सावध प्राणी.

एक्याण्णवच्या जानेवारीत आखाताचं युद्ध सुरू झालं आणि सदानंदच्या सावधपणाला पालवी फुटली. बाजारातली चिकटपट्टी त्याने पहिल्याच दिवशी उचलली. विषारी वायूपासून बचाव करण्यासाठी खिडक्या-दारांच्या फटी बुजवा, असं सर्क्युलर काढलं. इथवर ठीक. पण आमचे बंगले कुण्या अमेरिकन कंपनीने आणून बसवलेले, उतरत्या पत्र्याच्या छपरांचे. छपराखाली पोकळ माळा आणि हवा खेळावी म्हणून माळ्याच्या दोन्ही टोकांना झडपा. सदानंदने शिडी लावून त्या झडपांवरही प्लास्टिक ठोकलं. वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत सरकतो, हे त्याच सर्क्युलरच्या दुसऱ्या परिच्छेदात होतं. स्वतः लिहिलेलं वाचायची त्याला सवय नव्हती.

"सायेब, वायू काय शिडी घेऊन येनार हाय?" जलालने विचारलं.

"तू गटारं बघ," सदानंद म्हणाला.

मग तो, त्याची बायको रेखा आणि दहा वर्षांची ऋचा एका बंद खोलीत दोन हीटर लावून राहू लागले. साहजिकच जीव गुदमरायला लागला. त्यावर या विद्वानाने काय करावं? खिडकी उघडली तर वायू येईल, म्हणून छतातलं माळ्यावर जायचं झाकण उघडं ठेवलं. खोलीतली सगळी ऊब वर माळ्यावर जाऊन बसली.

महिनाअखेरीला बर्फ पडला. एरवी तबूकला पडला तरी दुपारपर्यंत नाहीसा होतो, त्या वर्षी मुक्कामाला राहिला. सगळ्या वसाहतीची छपरं पांढरी, फक्त सदानंदचं वरून उघडं पडलेलं आणि खालच्या कडेला हातभर लांब बर्फाचे सुळे लोंबणारे. सदानंद अंगणात उभा राहून त्यांचे फोटो काढत होता. नाशिकला पाठवायचे होते.

जलाल रस्त्यावरून जाताना थबकला. मी बरोबर होतो.

"ह्येच्या माळ्यावर चूल पेटलीय काय?" तो मला म्हणाला. "वरचा बरफ उबेनं वितळतोय. पानी खाली येतंय, भिंतीच्या भायेर थंड पत्र्यावर परत गोठतंय. कडेला बांध झालाय. आता मागचं पानी जाईल कुठं? वळचणीचं पानी आढ्याला चाललंय बघा, श्रीकांतसायेब."

घडू नये ते घडलं की आपण ही म्हण वापरतो. मी ती जन्मभर ऐकत आलो होतो, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिली. जलालने सदानंदला सांगितलं : झडपा उघडा, झाकण लावा, हीटर कमी करा, छप्पर थंड राहिलं की बांध वाढणार नाही. सदानंद हसला. कोकणातला माणूस त्याला बर्फ शिकवत होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी सदानंद स्वतः पहार घेऊन वर चढला. घाव घातले, बर्फाचे टवके उडाले आणि पत्र्याची कडही फाटली. मग त्याने उकळतं पाणी ओतलं. ते चार हात घरंगळून कडेला गोठलं आणि बांध होता त्याहून जाड झाला. त्यामागे तुंबलेलं पाणी पत्र्यांच्या सांध्यांतून आत शिरलं.

"बाबा, इट्स रेनिंग इनसाइड," ऋचाने खालून हाक मारली.

रेखाने मला वीज तोडायला बोलावलं आणि नवऱ्याला न विचारता जलालला निरोप धाडला. मी पोचलो तेव्हा छताचा फळा पलंगावर गाभण म्हशीच्या पोटासारखा फुगून आला होता. जलालने आल्याआल्या हीटर बंद केले, झाकण लावलं, बाहेरून झडपांवरचं प्लास्टिक टराटरा ओढून काढलं. ते पाहताच सदानंदने गॅसचा मुखवटा चढवला आणि आतून ओरडू लागला. काय ओरडत होता ते कुणालाच कळलं नाही. कामाला त्याची मदत झाली ती तेवढीच.

जलालने फुगवट्याखाली टब सरकवला आणि स्क्रूड्रायव्हरने बेताचं भोक पाडलं. पाणी धारेने टबात आलं, फळा कोसळायचा वाचला. मग त्याने स्वतःच्या जुन्या पायजम्यांचे पाय कापले, त्यात मेसमधलं मीठ भरलं, तोंडं बांधली आणि त्या लांबट पिशव्या बर्फाच्या बांधावर वरून खाली उभ्या ठेवल्या. पहारीला हातही लावला नाही. दुपारपर्यंत मीठ बर्फात उतरलं, बांधाला चार वाटा पडल्या आणि तुंबलेलं पाणी पन्हळीतून सुरळीत वाहू लागलं.

"जलालभाई, चहा घ्या," रेखा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. सदानंद कोपऱ्यात मुखवट्याची काच पुसत होता.

घर कंपनीचं, फाटलेला पत्रा आणि भोक पडलेलं छत कंपनीचं. कफीलच्या माणसाने जाब विचारला. सदानंदने रिपोर्ट लिहिला, तीन पानी, सुवाच्य. युद्धकाळात सुरक्षेसाठी लावलेलं प्लास्टिक कामगाराने परवानगीशिवाय फाडलं, पहारीने पत्रा फोडला, छताला भोक पाडलं. खाली साक्षीदाराची जागा ठेवली होती.

इतका वेळ सदानंदची टर उडवतोय खरा. पण सदानंद मूर्ख होता, भित्रा होता, आणि मी फक्त भित्रा होतो. माझा इकामा मार्चमध्ये संपत होता आणि तो वाढवायचा की नाही, हे त्याच टेबलावर ठरणार होतं. त्याने कागद पुढे सरकवला, पेनाचं टोपण काढून दिलं. मी सही केली.

जलालचा इकामा वाढला नाही. निदाच्या परीक्षेला चार महिने बाकी होते. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात आला. मी आत या म्हटलं, तो आला नाही.

"रिपोर्टवर तुमची सही हाय म्हनं," तो म्हणाला.

"आहे."

"वाचून केली?"

"नाही हो जलालभाई. घाईत होतो. न वाचताच केली."



"मग ठीक," तो म्हणाला. "मला वाटलंच, तुमी वाचलं नसनार." माझा हात हातात घेऊन त्याने निरोप घेतला आणि गेला.

मी तीनही पानं वाचली होती. दोनदा.