रिंगवरची पांढरी टेप

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे, असं म्हणवत नाही. अकरा वर्षं मी एका मराठी वृत्तवाहिनीत कॅमेरामन होतो. त्या काळात ‘झपाटलेल्या’ म्हणून गाजलेल्या तीन जागा मी स्वतः शूट केल्या. एका बंगल्यातले दिवे आपोआप लागायचे – तिथे न्यूट्रलची वायर सैल निघाली. एका शाळेच्या गच्चीवर पावलं वाजायची – मोकाट कुत्री होती. तिसऱ्या जागी काहीच नव्हतं, घरमालकाला फक्त भाडेकरू बाहेर काढायचे होते. त्यामुळे खाली जे लिहितो आहे ते शक्य तितकं बातमीसारखं लिहितो. काय झालं, कुठे झालं, समोर कोण होतं... अर्थ लावणं तुमच्याकडे.

एक गोष्ट मात्र आधी कबूल करायला हवी. या सगळ्याची सुरुवात माझ्या मत्सरापासून होते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी दुबईत सिलिकॉन ओएसिसला बायको आणि मुलीबरोबर राहतो. नोकरी जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका लहान प्रॉडक्शन हाऊसमध्ये. तिथे आम्ही दोन कॅमेरामन होतो, मी आणि नदीम परकार. नदीमचं मूळ दापोलीकडचं, जन्म शारजाचा. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, मला ‘दादा’ म्हणायचा. त्याचा कॅमेरा जुना. त्यावर तो एकच लेन्स लावायचा – पन्नास एमएमची, संपूर्ण धातूची, हाताने फिरवायची. तिच्यात मोटर नाही, कॅमेऱ्याशी जोडणारे विजेचे कॉन्टॅक्ट्स नाहीत. म्हणजे कॅमेऱ्याला ती लेन्स लावली आहे हेसुद्धा कळत नाही. ती त्याच्या वडिलांची होती. वडील तरुणपणी मुंबईत सिनेमाच्या युनिटमध्ये फोकस पुलर होते. नट पुढे-मागे सरकले की लेन्सची रिंग फिरवून त्यांना शार्प ठेवायचं, हे त्यांचं काम. नंतर शारजात येऊन त्यांनी पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ टाकला. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

माझा कॅमेरा नवा होता. साडेनऊ हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ सव्वादोन लाख रुपये. ‘सिनेमॅटिक’ दिसण्यासाठी जे जे करतात ते सगळं मी करत होतो. सेकंदाला पंचवीस फ्रेम, त्याच्या दुप्पट शटर, इथल्या कडक उन्हासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर, फिक्या रंगात शूट करून नंतर चढवलेले रंग. तरी माझं फुटेज स्वच्छ दिसायचं आणि नदीमचं फुटेज सिनेमासारखं. दोन वर्षं मी त्याचे शॉट्स एकेक फ्रेम थांबवून पाहिले. त्याने चित्रातले फार उजळ भाग मऊ करणारा फिल्टर घेतला, आठवड्यात मी तोच घेतला.

“कुठून घेतलास? नंबर कितीचा?”

तो सगळं सांगायचा. काही लपवायचा नाही, आणि मला त्याचाच राग यायचा. त्याने माझ्या कुठल्याही वस्तूबद्दल कधी एक प्रश्न विचारला नाही.

“दादा, कॅमेरा एक नंबर आहे तुझा,” एकदा जेवताना तो म्हणाला. “आता त्यातून फक्त बातमी काढ.”

एका रविवारी मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीला दोन क्लिप्स दाखवल्या. कोणती कुणाची, ते सांगितलं नाही. तिने टॅबवरून मान वर केली. “धिस वन इज लाइक अ मूव्ही,” ती म्हणाली. मग दुसरीकडे बोट दाखवून, “अँड दॅट वन इज लाइक न्यूज. दॅट्स युवर्स, राइट, बाबा?”

जानेवारीत आमचे मालक बिजूसरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. एकाचीच नोकरी पुढे चालू राहणार होती, हेड कॅमेरामन म्हणून. दुसऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नव्हतं. माझा व्हिसा कंपनीचा, आणि बायको-मुलीचा माझ्या व्हिसावर.

“दोनों एक-एक फॅमिली फिल्म बनाओ,” बिजूसर म्हणाले. “अकेले. कॅमेरा, साउंड, एडिट, सब अकेले. देखते हैं. यल्ला, चलो.”

नदीमने त्याचं शूट आधी संपवलं आणि तो एडिटला बसला. त्याची लेन्स ऑफिसच्या कपाटात होती. माझं शूट शनिवारी सकाळी होतं. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, नदीम जुम्म्याच्या नमाजाला गेला असताना मी ती लेन्स काढून माझ्या बॅगेत टाकली. कपाटातली वस्तू नेताना रजिस्टरमध्ये सही करायची असते. ही लेन्स खाजगी असल्यामुळे रजिस्टरमध्ये नव्हती. मागितली असती तर त्याने दिली असती... मला ती मागायची नव्हती, एवढंच.

शूट अबुधाबीत, अल रीम आयलंडवर होतं, चोविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. सबनीस काका अडतीस वर्षं इथे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लान्टवर इंजिनिअर होते. आता मुलाकडे राहत होते. महिनाअखेर काका-काकू कायमचे सांगलीला परत जाणार होते. मुलाला आठवण म्हणून फिल्म हवी होती.

सकाळचे सव्वादहा. काकांना मी हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं, लेन्सपासून एक मीटर ऐंशी सेंटिमीटरवर, मेजर टेपने मोजून. त्यांच्या मागे, चार मीटरवर, खिडकीशी काकू बसल्या होत्या. काचेचे कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. “मी उठू का मधून?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “बसा की, मागे ब्लर होईल सगळं. तुम्ही दिसणार नाही.”

लेन्सची रिंग जुनी, आतलं ग्रीस सुकलेलं, त्यामुळे ती सैल फिरत होती. काकांच्या डोळ्यांवर फोकस लावून मी रिंग आणि लेन्सची बॉडी यांच्यावर आडवी पांढरी टेप चिकटवली, म्हणजे रिंग हलायला नको. ही बातमीतली सवय. बोलणारा माणूस शार्प हवा, बाकी कशाशी घेणं नाही. दुसरा, लहान कॅमेरा मी बाजूला वाइडवर ठेवला, मुख्य कॅमेऱ्यासकट सगळी खोली दिसेल असा. दोन्ही सुरू केले आणि मुख्य कॅमेऱ्यापासून दीडेक मीटरवर स्टुलावर बसून प्रश्न विचारू लागलो. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मुलगा खाली सामानाच्या टेम्पोवाल्याशी बोलायला गेला होता.

काका चांगले बोलले. सुरुवातीचे दिवस, एका खोलीतले सहाजण, पहिली गाडी. मग मी विचारलं, परत जाताना कसं वाटतंय?

“आपल्या माणसांत जायचंय, आनंदच आहे,” काका म्हणाले. “आणि हिचं म्हणाल तर, हिला काय... कुठेही ठेवा, करमतं हिला.” ते हसले. मीही हसलो आणि पुढचा प्रश्न विचारला.

रविवारी दुपारी घरी फुटेज पाहिलं. काकांचं हे वाक्य सुरू होतं आणि ‘हिला काय’ या शब्दांवर फोकस त्यांच्या चेहऱ्यावरून सुटतो. सावकाश मागे जातो. खिडकीच्या किंचित पलीकडे जातो, तिथून थोडा पुढे येतो आणि काकूंच्या चेहऱ्यावर थांबतो. काकूंचे हात थांबलेले आहेत. मग त्या नुकताच गुंडाळलेला कप पुन्हा उलगडतात, कागद बाजूला ठेवतात आणि कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून देतात. तेवढं झाल्यावर फोकस परत काकांवर येतो. सगळं मिळून चौदा सेकंद.

मी खुर्चीतून उठलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो.

मग जे तपासायचं ते तपासलं. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरने तसं केलं असेल? त्याला लेन्स दिसतच नाही. ट्रायपॉडला धक्का? फ्रेम तसूभर हलत नाही. काका मागे सरकले? खुर्चीचे पाय फरशीच्या त्याच रेषेवर आहेत. आणि फोकस मागे जाताना फ्रेम किंचित रुंदावते, जशी जुन्या लेन्समध्ये रिंग फिरवली की रुंदावते. म्हणजे भिंगं खरोखर पुढे-मागे झाली होती.

दुसऱ्या कॅमेऱ्याचं फुटेज त्याच वेळेला नेऊन पाहिलं. त्यात मी स्टुलावर आहे, वही मांडीवर, नजर काकांवर. माझ्या उजवीकडे मुख्य कॅमेरा. जवळ कुणी नाही. लेन्सवरची पांढरी टेप स्पष्ट दिसते. चौदा सेकंदांत ती हलत नाही.

ती टेप शूटनंतर मी स्वतः सोडवली होती. चिरलेली नव्हती, सुरकुतलेली नव्हती. रिंग एक मीटर ऐंशीवरच होती.

इथे मी काय करायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी तो शॉट फिल्मच्या मध्यभागी ठेवला.

सोमवारी नदीम यायच्या आधी लेन्स कपाटात परत गेली. मंगळवारी बिजूसरांनी दोन्ही फिल्म्स मोठ्या स्क्रीनवर लावल्या. नदीमची फिल्म सुंदर होती. माझी लागली, तो शॉट आला, आणि बिजूसरांनी रिमोट खाली ठेवला.

“ये... ये सिनेमा है, भाई. आज तक कहाँ छुपा के रखा था?”

नदीम स्क्रीनकडे बघत होता.

“दादा, लेन्स कुठली?”

“पन्नासच. माझी.”

“आणि फोकस तू फिरवलास?”

“हो. मीच.”

त्याने मान हलवली. संध्याकाळी कपाट बंद करताना तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, “अब्बांच्या लेन्सची रिंग चिकट लागतेय. टेप लावल्यासारखी.” मी चार्जरची वायर गुंडाळत होतो. गुंडाळत राहिलो.

नोकरी मला मिळाली. नदीमला अबुधाबीत एका इव्हेंट कंपनीत काम मिळालं. जाताना त्याने माझ्याशी हात मिळवला.

फिल्म द्यायला मी सबनीसांकडे गेलो. मुलाने ती टीव्हीवर लावली, तो शॉट आला. संपल्यावर काका चष्मा पुसत म्हणाले, “सांगायचंस ना.”

“विचारायचंत ना,” काकू म्हणाल्या.

मुलगा उठून आत गेला. मग काकू माझ्याकडे वळल्या. “अहो, पण तुम्ही तेव्हा यांच्याकडे बघत होतात. मी पाहिलं ना! मला वाटलं, बरं झालं, कुणाचं लक्ष नाही आपल्याकडे.” मग टीव्हीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “मग हे बघितलं कुणी?”

मी म्हणालो, कॅमेऱ्याने. त्यांचं समाधान झालं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांत मी तसाच शॉट घेण्याचा प्रयत्न किती वेळा केला, ते सांगत नाही. त्याच जातीची लेन्स विकत घेतली. रिंगवर खुणा केल्या, घरात खुर्च्या मांडल्या, बायकोला पुढे आणि मुलीला खिडकीशी बसवलं. फोकस बरोबर जागी जातो. पण तो फिरवल्यासारखा दिसतो... त्या चौदा सेकंदांत कुणीतरी मान वळवून बघितल्यासारखं दिसतं. कामाचे नमुने म्हणून दाखवायच्या माझ्या शोरीलमध्ये तो शॉट पहिला आहे. त्याची कुणी तारीफ केली की नदीमची तारीफ ऐकून व्हायचा, तसाच मत्सर होतो. फक्त आता हेवा कुणाचा करायचा तेच कळत नाही.

ऑगस्टमध्ये मी नदीमला फोन केला आणि शारजाला त्याच्या घरी गेलो. शनिवार होता, सकाळ. त्याच्या अम्मींनी चहा आणि सांदणं आणून ठेवली. मी सगळं सांगितलं – शुक्रवार, बॅग, टेप. मग लॅपटॉप उघडून दोन्ही कॅमेऱ्यांचं फुटेज शेजारी-शेजारी लावलं.

“लेन्स तू नेलीस ते मला मंगळवारीच कळलं होतं,” नदीम म्हणाला. “म्हटलं, जाऊ दे, दादाला पोरगी आहे, व्हिसा आहे. फोकस तू स्वतः केलास असं वाटलं, म्हणून गप्प बसलो. जिंकलास, खलास.”

त्याने फुटेज तीन वेळा पाहिलं. तिसऱ्या वेळी फोकस खिडकीच्या पलीकडे जाऊन पुढे आला, तिथे त्याने थांबवलं.

“हे बघ. जरा पलीकडे जायचं, मग परत यायचं. अब्बा असंच करायचे. म्हणायचे, माणसाची नजर अशीच जाते, थेट जाऊन आदळत नाही. आणि बोलणाऱ्याकडे सगळेच बघतात रे, ऐकणाऱ्याकडे बघ...” तो थांबला. “हे सांगितलं होतं का मी तुला कधी?”

“नाही.”

आतून अम्मींचा आवाज आला, चहा गार होतोय म्हणून. तो हलला नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत पांढरी टेप जागेवर होती, तिच्याकडे तो बघत राहिला.

“सहा वर्षं लेन्स माझ्याकडे आहे, दादा,” तो म्हणाला. “रोज लावतो. अब्बांची म्हणून दुसरी घेतली नाही. एकदासुद्धा... काही नाही. आणि तुझ्यासाठी?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. दोन वर्षं मी त्याच नजरेने त्याचं फुटेज पाहत होतो.

मी कारणं मोजून पाहिली आहेत. सॉफ्टवेअर, धक्का, उष्णता, मीच फिरवून विसरलो असणं. एकही टिकत नाही. मूळ फाइल्स माझ्याकडे आहेत, कुणालाही दाखवायची तयारी आहे. आजवर चार तंत्रज्ञांनी त्या पाहिल्या. चौघेही म्हणाले, हाताने फिरवलाय, आणि चांगला फिरवलाय.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा नदीम दारापर्यंत आला. मी बूट घालत होतो. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच मला माझ्या एखाद्या वस्तूबद्दल विचारलं.

“दादा, ती टेप कुठली होती? कुठे मिळते?”

मी त्याला दुकानाचं नाव सांगितलं.