सुतळीचं दुसरं टोक

मंडळी, आज स्वतःचाच राग आलाय.

काल बाइकला जुन्या बाजारातून आणलेला स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, बसवला. त्याच्यावरच्या खुणा बघून मागचं चाक जुळवत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर बोम्मसंद्राच्या कारखान्यात फिटर. म्हणाले, "जुन्या खुणांवर विसंबू नकोस. स्वल्प सुतळी लावून चाकं एका रेषेत आहेत का बघ."

मी मित्रांसमोर म्हणालो, "अण्णा, तुम्ही आत बसा."

आज व्हाइटफील्डला जाताना बाइक सारखी डावीकडे खेचत होती. घरी येऊन मुकाट्याने सुतळी काढली. दोन्ही चाकांना लावून ताणायची, तर दुसरं टोक धरायला माणूस लागतो. अण्णांना हाक मारली.

"खुणा आहेत की तुझ्या," अण्णा आतूनच म्हणाले.

शेवटी टोक गेटला बांधलं. चाक सरळ झालं.

अण्णा अजून आतच बसलेत. मीच सांगितलं होतं ना!