नाकवाले

कालव्याच्या कडेनं निम्मी वाट झाली आणि भाऊजींना बसावंसं वाटलं. जागाही अशी निवडली, की वहिनी बसल्याच नाहीत. त्यांनी कठड्यावरून डोकावून पाहिलं, तर हातभर खाली कुत्रं मरून फुगलेलं, वर माश्यांचा थर.

"सावली बघा काय छान आहे," म्हणत भाऊजींनी बिस्किटाचा पुडा फोडून पुढं केला. "घ्या."

वहिनींनी नाकाला रुमाल लावला. "अहो भाऊजी, वास!"

"कसला?"

वहिनी बघतच राहिल्या. हे विचारणारा माणूस कोण? तीस वर्षं डेअरीच्या फाटकाशी उभं राहून कॅनचं झाकण उघडायचं, एकदा हुंगायचं आणि म्हणायचं, "आत", नाहीतर "परत". दूधवाले त्यांना 'नाकवाले' म्हणत, पाठीमागं शिव्याही घालत; पण त्यांनी 'परत' म्हटलेला कॅन कधी आत गेला नाही. घरी वहिनींनी कालची भाजी गरम केली, की जिन्यातूनच आवाज यायचा, "कालची पाहुणी अजून गेली नाही वाटतं?"

भाऊजींचे थोरले भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, पार्किन्सननं गेले. अशा रुग्णांच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसांना वर्षानुवर्षं तपासणारा एक अभ्यास होता. त्यात भाऊजींनी नाव घातलं, वहिनींच्या मुलानंही. दर वर्षी रक्त, चाल, अक्षर आणि वासाची कार्डं: खरवडायचं, हुंगायचं, चारातलं एक उत्तर सांगायचं. या आजारात हात थरथरायच्या कितीतरी आधी नाक जाऊ शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. भाऊजींना दर वर्षी पैकीच्या पैकी. आजही दोघं तिकडंच निघाले होते.

"कधीपासून येत नाही वास?"

भाऊजींनी बिस्कीट चावलं. "चार वर्षं झाली."

"आणि कार्डं?"

"क्रम कुठं बदलतात ते! साबण, लिंबू, रॉकेल, गुलाब... पाठ आहे सगळं." आणि ते चक्क हसले.

कुत्र्यापेक्षा वहिनींना त्या हसण्याची किळस आली. त्या बाजूला जाऊन थुंकल्या.

"नासकं दूध आणणाऱ्यांना हाकलत होतात ना? तुम्ही काय केलंत मग? माझा मुलगा त्याच अभ्यासात आहे. उद्या त्याचं काही कळायचं, ते असल्या नासक्या आकड्यांवरून?"

"भीती वाटली, वहिनी. दादाची लाळ पुसलीय मी."

"मीही पुसलीय. मी नाही खोटं बोलले."

वहिनी देवाचं नाव घेत चालू लागल्या. नाव ओठांवर होतं, शिसारी काही जाईना. मागून भाऊजी येत होते, पुडा तिथंच टाकून.

तपासणी केंद्राच्या फाटकाशी भाऊजी थांबले. डेअरीत उभे राहायचे तसेच, एक हात गजाला.

"मागच्या चार वर्षांचंही सांगून टाकतो आज," ते म्हणाले. "पण माझा भरवसा नाही. कार्ड हातात आलं, की जीभ आपली 'साबण' म्हणून मोकळी. वहिनी, एवढं करा. आत माझ्याशेजारी बसा. मी तसं म्हणालो, तर तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणा, 'परत'."