व्याह्यांची फळी

आमच्या व्याह्यांइतका रिकामा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात नाही. लेकीचे सासरे आहेत म्हणून तोंडावर मान देतो, पण खरं ते खरं. साखर कारखान्यात फिटर होते तोवर बरे होते. रिटायर झाले आणि पोरानं दुबईहून एक फळी आणून दिली. बोटीला बांधलेला दोर हातात धरायचा, पाय फळीवरच्या बुटांत घालायचे आणि बोट पळेल तसं पाण्यावर उभं राहून तिच्यामागं फरफटत जायचं. वेकबोर्डिंग म्हणतात त्याला. साठी उलटलेला माणूस हाफ चड्डीवर मलकापूरकडच्या धरणाच्या फुगवट्यावर हे करतो आणि काठावरच्या म्हशी रवंथ थांबवून बघत राहतात.

बरं, पाण्यात असतात घटकाभर, निगा मात्र आठवडाभर. फळी पाण्यातनं काढली की पहिल्यांदा काय करतात? पाण्यानं धुतात! त्यासाठी घरनं पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन. एकदा मला तहान लागली, तर कॅनला हात लावू दिला नाही. "पावणं, रेतीचा एक कण राहिला तर बुटाचं अस्तर कातरतंय. तुमी टपरीवर चा घ्या." मग फळी सावलीत वाळवायची. त्यांच्या घराच्या सोप्यात सावलीला मी बसलो होतो, तर मला उठवून खुर्ची उन्हात सरकवली आणि माझ्या जागेवर फळी उभी केली. "ऊन लागलं की बूट चिकटवल्यालं सोल्युशन सुटतंय," म्हणाले. माझं काय सुटतंय ते विचारलं नाही. दोर वितीवितीनं चाचपतात. बुटांचे स्क्रू पिळून झाले की फळीवर टिचकी मारून कान लावतात, जणू कुंभाराकडनं मडकं घेतायत.

मी चौथीत शाळा सोडली, पण पन्नास वर्षं चपला केल्या. पायात घालायच्या वस्तूबद्दल मला कुणी शिकवू नये. उन्हाळ्यात त्यांच्या घराला रंग लागला, म्हणून आठ दिवस फळी माझ्या घरी ठेवली आणि जाताना मलाच बजावलं, "बुटांस्नी तेल लावू नका." मला! वर म्हणाले, "पुढल्या रविवारी नात येणार हाय पुण्यास्नं. डॉक्टर म्हणाल्यात, गुडघा आता बास. पोरीनं एकदा तरी बघायला पायजे, आजा उभा ऱ्हातोय ते."

गुडघ्याचं ऐकून घेतलं, पण तेलाचं डोक्यात गेलं. बूट तर कोरडे ठणठणीत दिसत होते. दुसऱ्याच दिवशी एरंडेल चोळलं आणि मुरावं म्हणून उन्हात ठेवले. तिसऱ्या दिवशी दोन्ही बुटांनी तळाशी आ वासला. चामडं नव्हतंच ते, चामड्यासारखं दिसणारं रबर. चामडं असतं तर काही झालं नसतं, हे मी आजही सांगतो.

व्याही फळी न्यायला आले. एरंडेलाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत. माझी लेक बरोबर होती, ती ओरडली, "आबा, काय केलासा हे?" मी भांडायची तयारी ठेवली होती. पण व्याही खाली बसले, बूट उलटासुलटा करून बराच वेळ बघत राहिले आणि सुनेला म्हणाले, "त्ये कशाला काय करतील? जुनंच झालतं ते. ऊन तरी केवढं पडलंय."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिवता येतील काय, पावणं?"

"न येऊन सांगतंय कुणाला?" मी म्हणालो.

दोन दिवस आरी-दोरा घेऊन बसलो. डोळे पहिल्यासारखे नाहीत. आतनं पट्टी लावून नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिवण घातली, आणि चुकूनही तेलाच्या बाटलीकडे बघितलं नाही.

रविवारी ते उभे राहिले. नात काठावर उड्या मारत होती. मी फक्त त्यांच्या पायांकडे बघत होतो. तिसऱ्या वळणाला आपटले, पाण्याखाली गेले, आणि वर आले ते हसतच. पाय बुटांतच होते.

काठावर नात वाकून म्हणाली, "आजोबा, ही शिवण कुणी घातली?"

"ह्यांनी," व्याही धापा टाकत म्हणाले. "ह्यांचा हात लागलाय म्हणून तर पाय जाग्याव हाईत."

मी तोंड फिरवलं आणि बोटवाल्यावर खेकसलो, "इंजिन किती धूर सोडतंय रं तुझं? डोळ्यांत जातोय की!"

इंजिन केव्हाच बंद झालं होतं.