खुशहालीचा फॉर्म आणि रखमाबाईंचा तांब्या

ज्यानं कुणी हा फॉर्म बनवला, त्यानं जन्मात कधी खेड्यातल्या घरात पाणी प्यायलेलं नाही! पंख्याखाली बसून म्हणे लोकांची खुशहाली मोजायची! नुकताच कॉलेजातून निघालेला मी आणि माझा दोस्त हमीद तीर्थपुरीकडच्या एका खेड्यात तो फॉर्म भरत हिंडलो. ज्या गावाचे हाल सगळ्यांत वाईट ठरतील, त्याला दवाखाना मिळणार होता. फॉर्म भरले थोडे, किस्सेच जास्त जमले.

*

म्हाताऱ्या रखमाबाईंना विचारलं, "घरात कुणी आजारी?"

"न्हाई बा."

कोपऱ्यात नात गोधडीत कुडकुडत होती. "मग ही?"

"नुसता ताप हाय, मास्तर. तापाला कुणी बीमारी म्हन्तं का?"

*

शेजारच्या घरी विचारलं, "दिवसातून किती वेळा जेवता?"

"पोटभर!"

"पण किती वेळा?"

घरधनी भडकले. "मोजून जेवाया आमी काय तुरुंगात हाओत?"

हमीद म्हणाला, "लिही यार, पोटभर!"

*

एक रकाना तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. प्रत्येक घरी लखलखीत तांब्यातून पाणी आलं. बारा घरं 'आहे' लिहिलं. तेराव्या घरी तांब्याचा पोचा ओळखीचा वाटला! रखमाबाईंचा एकच तांब्या मागच्या दारांनी आमच्या पुढं पळत होता! हमीद पोट धरून हसला, मी रखमाबाईंचं घर सोडून अकरा ठिकाणी खोडाखोड केली.

*

तपासणीला मोठे साहेब येणार होते. आदल्या दिवशी मी पारावर सगळ्यांना बसवून घसा फोडून सांगितलं, "खरं तेच दाखवा. दवाखाना त्यावरच आहे!"

पाटील म्हणाले, "बिलकुल! जसं हाय तसं दावू."

सकाळी बघतो तर अंगणं सारवलेली, शेजारच्या गावातून आणलेल्या खाटा मांडलेल्या, साजूक तुपातला शिरा तयार आणि साहेबांच्या हातात तोच तांब्या! साहेब तृप्त झाले. फॉर्मवर 'खुशहाल' असा शेरा मारून निघून गेले.

महिन्यानं दवाखाना दुसऱ्या गावाला मंजूर झाला. मी तरातरा पाराशी गेलो. "पाटील, तुमच्या हातानं घालवलात दवाखाना!"

तापातल्या नातीला कडेवर घेऊन रखमाबाई उभ्या होत्या. जरा विचार करून त्यांनी विचारलं,

"मास्तर, मंग त्या गावानं साहेबाला पाणी कशात दिलं आसंल?"