दोन करवंट्या आणि आग्नेल सर

आग्नेल सरांच्या पंचाहत्तरीच्या अंकात मोठमोठी माणसे लिहिणार. मी नववीत शाळा सोडलेला, आज मस्कतच्या बेकरीत पाव भाजणारा. सरांच्या वर्गात मी कधी बसलोच नाही. तरीही लिहितोय, कारण आमचे मोडलेले घर सरांनी सांधले.

सरांची पहिली ओळख मिठबावच्या किनाऱ्यावर झाली. निवृत्तीनंतर सर काळोख्या पंधरवड्यात मुलांना आकाश दाखवत. मी सहज डोकावलो. वृश्चिक राशीतली ज्येष्ठा दाखवून सरांनी विचारले, "ही तांबडी चांदणी दिसली मां?"

"माका सगळ्यो सारख्योच दिसतत," मी म्हणालो. पोरे खदखदून हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "रंग रवांदे. उजेड खंयचो जास्त, ता सांग." उजेडाचे मी बरोबर सांगितले.

पुढे बोटीवर खलाशी म्हणून जायचे ठरले. डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांमधला आकडा मला दिसेना. लाल-हिरव्याचा फरक कळत नाही, असे सांगून मला परत पाठवले. ते मी पचवले असते. पण आईने भलताच अर्थ काढला. मसुऱ्याचा तिचा भाऊ, माझा मामा, याचीही तीच गत. कोकमाचे रातांबे काढायला झाडावर चढला की पिकलेले लाल सोडून हिरवेच टोपलीत टाकायचा. आई म्हणाली, "भावान नवस फेडूक नाय, ता माझ्या झिलाक भोगूचा लागता." मामाने न फेडलेल्या नवसाची शिक्षा तिच्या मुलाला, असा तिचा हिशेब. तिने माहेरी जाणे सोडले. मामा दारात आला, तर पाणीसुद्धा दिले नाही. राखी गेली, चतुर्थी गेली. मी घरात नुसता धुमसत होतो.

शेवटी मी सरांना घरी आणले. सर ओट्यावर बसले आणि म्हणाले, "वयनी, दोन करवंट्यो हाडा बगया. एक फुटकी, एक बरी."

आईला वाटले, सरांचे काहीतरी बिनसले. तरी तिने आणल्या. सरांनी दोन्हींत पाणी ओतले.

"ह्यो दोनय तुमच्यो. एक गळता, पण दुसऱ्येत पाणी रवता, म्हणान तुमका रंग दिसतत. झिलाक आवयकडसून ह्यातली एकच गावता, आणि ह्या कामाची करवंटी बापाशीकडे झिलासाठी नसताच. खंयची गावात, ता कोणाच्याच हातात नाय."

आईने फुटकी करवंटी हातात घेतली. मग म्हणाली, "मगे माझ्या भावाकय आवयकडसून फुटकीच गावली?"

"तर! तेणा काय मागान घेतल्यान?"

आईने पदर तोंडाला लावला. सरांनी तिला रडू दिले. मग म्हणाले, कुत्र्या-बैलांनाही तांबडे-हिरवे वेगळे दिसत नाही. पानांत पिकलेली फळे शोधता शोधता माकडांच्या आणि आपल्या पूर्वजांत ही नजर टिकून राहिली, असे शास्त्रज्ञांना वाटते. आई डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे माझो भाव बैलच!" घरात कितीतरी महिन्यांनी हसू ऐकू आले.

दुसऱ्याच दिवशी ती मसुऱ्याला गेली. मामा अंगणातून ओरडला, "वाट चुकलंस काय गो?" ती म्हणाली, "चाय ठेव आधी."

सरांनी नवसाला कधी नावे ठेवली नाहीत, आईला अडाणी म्हटले नाही. स्वतः रविवारी चर्चला जाणारे सर जत्रेतही आमच्याबरोबर रांगेत उभे राहत. कुणालाही कमी न लेखता समजावणे, ही सरांची विद्या. बेकरीत भट्टीसमोर उभा असलो की तो ओटा आठवतो आणि गावी पळावेसे वाटते.

सर, एक स्वार्थ सांगतो. आंबोलीला दिलेली माझी ताई यंदा बाळंत होणार आहे. मुलगा झाला आणि त्याचीही नजर माझ्यासारखी निघाली, तर तिची सासू बोट ताईकडेच दाखवणार. तुम्हाला घाट चढून तिच्या ओट्यावर बसायचे आहे. तेवढ्यासाठी गुडघे सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, आणि तो मुलगा चांदण्या ओळखू लागेपर्यंत खणखणीत राहा.